चार चाकांचा संसार

या सदरात मी एरवी बोलीभाषा, जुनी पुस्तके, सणवार यांवर लिहितो. मराठीच्या मास्तराने गाडीच्या यंत्रावर लिहावे, हे वाचून माझे विद्यार्थी हसतील. पण २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री जे घडले, त्यानंतर मला या विषयाचा अभ्यास करावा लागला. आपल्या भागात आता चारी चाकांनी ओढणाऱ्या गाड्या पुष्कळ दिसतात. कुणी ऊस-काजूच्या शेतावर जायला, कुणी गोव्याच्या ये-जा करायला त्या घेतो. माझी चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून हा लेख.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढे. मलप्रभेचा उगम कणकुंबीला होतो, त्या पट्ट्यातला पाऊस काय असतो ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. डांबरी रस्ता सोडला की गावापर्यंत तांबड्या मातीची वाट, आणि शेवटी एक आडवातिडवा चढ. आई अजून तिथेच धाकट्या भावाकडे राहते. बेळगावच्या फ्लॅटमध्ये तिचा जीव रमत नाही. तिला दम्याचा त्रास. म्हणून २०२१ मध्ये कर्ज काढून मी एक जुनी गाडी घेतली. गरज पडली की आपोआप चारी चाकांनी ओढणारी. ‘आता पावसाळ्यातही आईकडे कधीही पोहोचता येईल’ असे मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

माझे सासरे धारवाडचे. नोकरीची सारी वर्षे त्यांनी दांडेलीच्या जंगलात जीप चालवली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, आतले गोल बटण फिरवून पाहिले आणि कन्नडमध्ये विचारले, “ही स्वतःच ठरवते? मग आपण काय करायचं?” मी हसून म्हणालो, “आपण निवांत बसायचं.” हे वाक्य मला पुढे फार महागात पडले.

सासऱ्यांच्या जीपची गोष्ट सरळ होती. स्वातंत्र्याच्या सुमारास विलीसची जीप आपल्याकडे आली, पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. या गाड्या एरवी मागच्या दोन चाकांवर चालायच्या. चिखल लागला की चालकाने दुसरी दांडी ओढून पुढची चाकेही जोडायची. कित्येक गाड्यांत तर खाली चिखलात उतरून पुढच्या चाकांच्या मधल्या कड्या हाताने फिरवाव्या लागत. चिखल संपला की पुन्हा उतरायचे आणि सोडवायचे. सोडवायला विसरला आणि डांबरी रस्त्यावर वळण घेतले, की गाडी अडखळायची, दांडा पिळवटायचा.

असे का होते, ते समजले की पुढचे सगळे समजते. गाडी वळते तेव्हा तिची चारी चाके सारखे अंतर कापत नाहीत. बाहेरच्या चाकाला मोठा फेरा, आतल्याला लहान. शिवाय पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. बैलगाडीत ही अडचण नाही, कारण तिचे प्रत्येक चाक कण्यावर आपापले मोकळे फिरते. मोटारीत मात्र इंजिनाने चाकांना ओढायचे असते. म्हणून डाव्या-उजव्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल बसवतात. आपले मिस्त्री त्याला ‘हौसिंग’ म्हणतात. ते दोन्ही चाकांना ताकद देते आणि वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीकही देते. चारी चाके ओढू लागली की हीच मोकळीक पुढच्या आणि मागच्या जोडीतही लागते. जुन्या जीपमध्ये ती नव्हती. मातीवर चाक थोडे घसरून ताण सोडवून घेते, डांबरावर घसरायला जागा मिळत नाही.

या अडचणीवर वेगवेगळे उपाय निघाले. १९८० मध्ये ऑडीने जिनिव्हाच्या प्रदर्शनात ‘क्वाट्रो’ मांडली. तिची चारी चाके कायम ओढायची आणि पुढच्या-मागच्या जोडीच्या मध्येही एक डिफरन्शियल होते. दुसऱ्या काही गाड्यांत घट्ट सिलिकॉन तेलाने भरलेला बंद डबा आला. त्यात पातळ, भोकाभोकांच्या चकत्या असतात, एक पुढच्या चाकांशी जोडलेली, एक मागच्या, पुन्हा एक पुढच्या. दोन्हीकडची चाके सारखी फिरतात तोवर तेल स्वस्थ असते. पुढची चाके घसरून भराभर फिरू लागली की चकत्या तेल घुसळतात. घुसळून तापलेले तेल त्यांना एकमेकींबरोबर ओढू लागते आणि मागची चाकेही कामाला लागतात. ना तार, ना बटण. ताक घुसळताना लोणी जमत आले की रवी जड होते, तसलाच काहीसा प्रकार. दोष इतकाच, की आधी घसरायचे आणि मग मदत यायची.

आता बहुतेक गाड्यांत तिसरी पद्धत असते. माझ्या गाडीतही तीच. ही गाडी एरवी पुढच्या दोन चाकांवर चालते. मागे जाणारा लांब दांडा फिरत असतो, पण मागच्या हौसिंगच्या तोंडाशी एक क्लच असतो, तिथे तो सुटलेला असतो. हा क्लच म्हणजे चकत्यांची चवड. विजेच्या चुंबकाने किंवा तेलाच्या दाबाने ही चवड दाबली की मागच्या चाकांना ताकद जाते. थोडी दाबली तर थोडी, घट्ट दाबली तर जास्त. किती दाबायची ते एक छोटा संगणक ठरवतो. प्रत्येक चाकाजवळ गती मोजणारा सेन्सर असतो, ब्रेकच्या एबीएसला जो लागतो तोच. शिवाय स्टेअरिंग किती वळवले, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, हेही संगणकाला कळते. पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त फिरताना दिसली की तो समजतो, ‘पुढची घसरली’, आणि चवड दाबतो. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर हे होऊन जाते.

भारतात २०१४ मध्ये आलेल्या डस्टरच्या चारी चाकांच्या मॉडेलात असेच गोल बटण होते. एक खूण फक्त दोन चाकांची, एक ‘ऑटो’ची, एक ‘लॉक’ची. २०२२ च्या ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपमध्ये ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार पर्याय आहेत. ‘ऑटो’ म्हणजे संगणकावर सोडणे. ‘लॉक’ म्हणजे चवड आधीपासूनच घट्ट दाबून ठेव, अशी आज्ञा. ती चिखल-वाळूत, हळू चालताना द्यायची. बऱ्याच गाड्या ठरावीक वेगानंतर आपणहून पुन्हा ‘ऑटो’वर येतात.

आमच्या घरात दोन भाषा नांदतात, तसेच काहीसे हे आहे. रोजचा व्यवहार एका भाषेने चालतो, दुसरी मागे स्वस्थ असते. अडले की ती लगेच पुढे येते. पण त्यासाठी दोघींचे सूर जुळलेले हवेत. माझ्या गाडीत नेमके तेच बिघडले होते.

जून २०२३ मध्ये गावच्या वाटेवर एका धारदार दगडाने मागचा टायर फाडला. दुकानदार म्हणाला, “जोडी बदला सर, आणि नवी जोडी मागेच ठेवा.” साध्या गाडीसाठी हा सल्ला बरोबरच आहे. पुढची जोडी अजून वर्षभर चालेल असे वाटले. कॉलेजात मुलीची फी भरायची होती. मी दोनच टायर घेतले.

त्यानंतर दोन-तीनदा गावाकडे जाताना काट्यांच्या पटलावर चारी चाकांचा पिवळा दिवा लुकलुकला. थोडे थांबले की विझायचा. घराच्या गेटमधून पूर्ण स्टेअरिंग वळवून गाडी काढताना मागून कुणी धरून ठेवल्यासारखे व्हायचे, टक्‌ टक्‌ हिसके बसायचे. एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, ‘कपलिंग तापतंय, पूर्ण बदलावं लागेल’ असे सांगितले आणि दोन महिन्यांच्या पगाराएवढा आकडा कागदावर लिहून दिला. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. गाडी तर चालते आहे, दिवाळीनंतर पाहू म्हटले.

जुलैत एका रात्री दहाला भावाचा फोन आला. आईला दम लागला होता, पंपाने आराम पडत नव्हता. “अण्णा, तू गाडी घेऊन ये,” एवढेच तो म्हणाला. गावातल्या कुणाची गाडी त्या चढावरून खाली यायची नाही. माझीच तेवढी येणार, हे सगळ्यांनी धरून ठेवले होते, कारण मीच तसे सांगत आलो होतो.

सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता. मी जमेल तेवढ्या वेगाने गेलो. जांबोटी सोडली आणि दिवा लुकलुकू लागला. चढाच्या पायथ्याशी बटण ‘लॉक’वर फिरवले. दिवा तसाच. अर्ध्या चढावर पुढची चाके गरागरा फिरली, चिखल काचेवर उडाला आणि गाडी मागे घसरून आडवी झाली. मागच्या चाकांना काहीच होत नव्हते, जणू ती माझी नव्हतीच. सासऱ्यांचा प्रश्न तेव्हा आठवला. आता काय करायचे, ते मला ठाऊक नव्हते.

मी गाडी तिथेच सोडली आणि मोबाइलच्या उजेडात चढ चढलो. भाऊ, शेजारी आणि दोन पोरांनी आईला खुर्चीत बसवून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवले, वर ताडपत्री धरली. त्याच ट्रॅक्टरने माझी गाडी ओढून सरळ केली. आईला मागच्या सीटवर घेतले तेव्हा तिचे ओठ निळसर दिसत होते. एव्हाना अर्धा-पाऊण तास गेला होता. गाडी सुरू केली तर तो दिवा विझलेला! खानापुरात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. पहाटे तिने डोळे उघडून विचारले, “रात्रभर काय करूलालास रे बाळा? झोपला न्हाईस?” माझ्याने उत्तर देववले नाही.

चार दिवसांनी सासऱ्यांनी मला उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी स्कॅनर लावला नाही. बॉनेट उघडले नाही. गाडीभोवती वाकून एक फेरी मारली आणि म्हणाले, “मोदलु टायर नोड्री, सर.” आधी टायर बघा!

मग त्यांनी एका पुढच्या आणि एका मागच्या टायरला खडूने खूण केली, तशीच जमिनीवरही. पोराला गाडी हळू सरळ चालवायला लावली आणि प्रत्येक चाकाचे दहा फेरे मोजून पुन्हा जमिनीवर खूण केली. मागच्या टायरने दहा फेऱ्यांत पुढच्यापेक्षा एक फूट जास्त अंतर कापले होते.

घरी येऊन मी हिशेब मांडला. नव्या टायरच्या खाचा ८ मिलिमीटर खोल, जुन्याच्या ३. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे परिघात सुमारे ३१ मिलिमीटरचा. आमचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटरला थोडे कमी जातो. किलोमीटरला सुमारे ४६५ फेरे. झिजलेल्या टायरला तेवढ्याच अंतरासाठी ७ फेरे जास्त पडतात. चाळीस किलोमीटरला २८०. संगणकाला काय दिसत होते? पुढची चाके सारखी मागच्यांपेक्षा जास्त फिरताहेत, म्हणजे घसरताहेत. तो बिचारा कोरड्या डांबरावरही क्लच दाबत राहिला. दोन्हीकडची चाके वेगळ्या गतीची, मध्ये चकत्या घासताहेत, तेल तापते आहे. शेवटी यंत्र जळू नये म्हणून संगणकाने क्लच पूर्ण सोडून दिला आणि दिवा लावला. गाव येईपर्यंत माझी गाडी थकून गेलेली असायची. चढ नेमका त्यानंतर! काही गाड्यांचा संगणक टायरमधला थोडा फरक सांभाळून घेतो, पण त्याला मर्यादा असते.

अण्णांनी कपलिंगचे तेल काढले. काळे, जळकट वासाचे. नवे तेल भरले, पुढे मागच्यासारखेच दोन नवे टायर घातले, संगणकातली नोंद पुसली. दिवा आजपर्यंत लागलेला नाही. वर्कशॉपच्या आकड्याच्या तुलनेत खर्च फार थोडा आला. ‘कपलिंग तापतंय’ हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. ते का तापते, एवढेच कुणी विचारले नाही. मीही नाही.

अण्णांकडून शिकलेला तपासणीचा क्रम वाचकांसाठी देतो. आधी फुकटचे, मग स्वस्तातले, शेवटी महागाचे, हे त्याचे सूत्र.

पहिले, टायर. चारी एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले असावेत. हवा पुस्तकात लिहिली आहे तेवढी असावी. ठरावीक किलोमीटरनंतर पुढचे-मागचे अदलाबदल करावेत, म्हणजे चारी बरोबर झिजतात. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती लावून जपून, थोडेच अंतर जावे.

दुसरे, बॅटरी. ती अशक्त झाली की संगणक गोंधळतो आणि एकदम तीन-चार दिवे लागतात. टर्मिनलवरचा पांढरा थर आधी काढावा.

तिसरे, चाकांजवळचे सेन्सर आणि तारा. चारी चाकांच्या दिव्याबरोबर एबीएसचाही दिवा लागला, तर संशय इथे घ्यावा. आपल्याकडचा तांबडा चिखल तिथे सिमेंटसारखा बसतो. पावसाळ्यात उंदीर उबेला येऊन तारा कुरतडतात. मागच्या क्लचकडे जाणाऱ्या तारेच्या प्लगमध्ये पाणी शिरून हिरवा गंजही चढतो.

चौथे, तेल. इंजिनाचे तेल आपण आठवणीने बदलतो. पण कपलिंगचे, मागच्या हौसिंगचे आणि पुढून मागे ताकद वळवणाऱ्या गिअरपेटीचे तेल बहुतेकांच्या गावीही नसते. प्रत्येकाचे तेल वेगळे, एकाचे दुसऱ्यात चालत नाही. वळताना हिसके बसत असतील आणि टायर ठीक असतील, तर पुढचा संशय तेलावर. काही गाड्यांत तेल दाबणारा छोटा विजेचा पंप असतो, त्याच्या जाळीत गाळ अडकतो. ती साफ केली की पंप पुन्हा चालू लागल्याचीही उदाहरणे आहेत.

एवढे सगळे झाल्यावरच कपलिंग किंवा पंप बदलण्याची भाषा करावी.

आवाजही बरेच काही सांगतो. निघताना ‘टक्’ वाजले तर दांड्याचे क्रॉस पाहा. वेगाबरोबर घूं-घूं वाढत गेले तर बेअरिंग पाहा. मागची चाके खरोखर ओढतात का, याची साधी परीक्षा मोकळ्या मुरमावर होते. गाडी जागेवरून थोडी जोरात काढायची आणि कुणीतरी बाजूला, सुरक्षित अंतरावर उभे राहून पाहायचे. मागच्या चाकांनीही खडी उडवली तर यंत्र जागे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ही परीक्षा मी आता दरवर्षी घेतो.

रस्त्यात दिवा लुकलुकलाच तर सुरक्षित जागी थांबून, इंजिन चालू ठेवून गाडी निवू द्यावी. घाईत ‘लॉक’ करून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नये, मी नेमके तेच केले होते. बंद पडलेली अशी गाडी दोन चाके उचलून ओढत नेऊ नये, चारी चाके वर ठेवणाऱ्या ट्रकवरूनच न्यावी. एकच चाक जॅकवर असताना गिअर टाकू नये, गाडी जॅकवरून उडी मारते.

एक गोष्ट तरुण वाचकांसाठी मुद्दाम सांगतो. चारी चाके गाडी पुढे ओढायला मदत करतात, थांबवायला नाही. चोर्ल्याच्या घाटात ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की ही गाडी आणि साधी गाडी सारखीच. ‘माझी फोर व्हील आहे’ या तोऱ्यात वेग वाढवणारे खड्ड्यात गेलेले मी पाहिले आहेत.

परवा सासरे पुन्हा आले होते. मी पट्टी घेऊन टायरच्या खाचा मोजत बसलेला पाहून म्हणाले, “ही स्वतःच ठरवते म्हणालात ना?” मी म्हणालो, “ठरवते. पण आपण तिला खरं सांगावं लागतं.” ते हसले आणि शेजारी उकिडवे बसून मागचा टायर मोजू लागले. आई बरी आहे. या पावसाळ्यातही गावीच राहणार म्हणते. चढ अजून तसाच आहे, म्हणून गाडी नीट ठेवणे आले.